आटे

पाथर्डी फाट्याचा व्हॉल्व्ह सतरा आटे उघडतो.
अठरावा दिला की खालच्या कॉलनीत
कुणाचा तरी जुना जोड सुटतो.
हे कुठल्या रजिस्टरात नाही, माझ्या मनगटात आहे.
पहाटे चारला किल्ली खांद्यावर टाकून
बावीस वर्षं मी या शहराला मोजून पाणी देतोय.

तरी निशिगंधा दूध पिताना घामाघूम व्हायची
तेव्हा मला काही कळलं नाही.
अडीच महिन्यांची. चार घोट, की थांबायची.
कपाळ ओलं, ओठांभोवती राख,
आणि रडायलाही दम पुरू नये असं रडणं.
पोटात गॅस, म्हणाले सगळे. ओवा झाला, हिंग झाला.
निकुंभ काकूंनी दृष्ट काढली,
मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून त्या गंभीर झाल्या.

डॉक्टर खैरनारांनी ईसीजीची पट्टी दोनदा पाहिली
आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.
डॉक्टर बसून बोलायला लागला की समजावं.
"हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं.
हिची डावी नस महाधमनीतून निघायची,
ती फुप्फुसाच्या नळीतून निघालीय. तिथं दाबच नाही.
उजवीकडून येणारं रक्तही त्या वाटेनं उलटं निघून जातंय."

उलटं.
एवढं मात्र मला लगेच कळलं.
कमी दाबाच्या लाइनला चुकून जोड दिला
तर ती शेजारच्या गल्लीचंही पाणी ओढून नेते,
आणि तक्रार येते भलत्याच घरून.
जोड बदलता येतो का, मी विचारलं.
ते हसले नाहीत. म्हणाले, येतो.
शेवईएवढी नस. सात तास.

तीन लाख जन्मांत एक, असंही म्हणाले.
बाहेरच्या बाकावर मी हिशेब घातला:
नाशिकची वस्ती वीस लाख धरली
तर सहा-सात घरं. बायकोला म्हणालो, कुठं राहत असतील?
ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा.

पुराच्या दिवसांत गंगेवर माणसं एवढंच विचारतात:
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?
गुडघा. कंबर. छाती.
आमच्याकडे दरवर्षी तसंच,
फक्त इथं पाणी चढावं म्हणून हात जोडायचे.
फिलोमिना सिस्टर गार जेल लावते,
पडद्यावर करडं काहीतरी उघडतं, मिटतं,
मी विचारतो, किती?
बावीस टक्के. पस्तीस. अठ्ठेचाळीस.
छप्पन्न झाले त्या वर्षी वॉचमनलासुद्धा पेढा दिला.
झडप अजून थोडी गळते.
गळतीचं मला ठाऊक आहे,
काही खोदून काढतात,
काहींवर नुसती नजर ठेवतात, वर्षानुवर्षं.

यंदा चौदावं. खो-खोच्या संघात घ्यायचं म्हणतात,
म्हणून ट्रेडमिल.
छातीला तारा, वेणी वर बांधलेली,
बूट मामेभावाचे, पुढं कापूस घातलेला.
पट्टा चढा झाला, वेग वाढला.
खिशात माझी मूठ आपोआप फिरायला लागली,
चौदा, पंधरा, सोळा.
सतराला मी थांबलो.
पट्टा थांबला नाही.
"अजून जमेल," ती म्हणाली. मला नाही, सिस्टरला.

खैरनारांच्या भुवया आता पांढऱ्या.
या वेळी त्यांनी खुर्ची तिच्यासमोर ओढली.
छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारलं,
तर डाव अर्धा टाकून बसायचं. लाजायचं नाही.
एकदा सीटी अँजिओ करू, मग संघाचं बघू.
तिनं विचारलं, तोवर सराव?
"हलका."
"हलका म्हणजे किती?"
ते माझ्याकडे बघायला लागले,
जसं काही मला आकडा माहीत असावा.

जिन्यात तिनं फाइल माझ्या हातातून घेतली.
चौदा वर्षं मी ती दुहेरी पिशवीत ठेवली होती.
तिनं तशीच दप्तरात कोंबली, डब्याला लागून.
तेलाचा डाग पडणार, मला दिसत होतं.